भासऱ्याचं अंगण

भासरा अंगणात बसलेला असला की लहान भावाच्या बायकोनं अंगणात पाय टाकायचा नाही, आणि असं काहून म्हणून विचारायचं नाही – झालं, एवढंच आहे. तुम्ही विचारलं ना, एका भिंतीपायी कोणी हातातलं काम सोडतं का – तर या भिंतीपायी सोडतं. भासरा माहीत नाही? बरोबर आहे, तुम्ही साताऱ्याकडचे, तुमच्याकडे थोरला दीर म्हणत असतील. नवऱ्याचा मोठा भाऊ. त्याच्यासमोर लहान भावाच्या बायकोनं – आमच्याकडे भावसून म्हणतात – बसायचं नाही, बोलायचं नाही, तो आला की उठून आत जायचं, त्याची सावलीसुद्धा अंगावर पडू द्यायची नाही, आणि तिला यायचंच असलं तर त्यानं उठून वाट द्यायची. कोणी शिकवत नाही आणि सगळ्यांना येतं. नव्या घरांमधून गेलं हे, माझ्या मैत्रिणी भासऱ्यासोबत सेल्फी काढतात – पण जुन्या माणसांमध्ये आहे अजून, हाडात आहे. बसा ना, उभे काहून? ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, ही घ्या. श्यामरावजी आणि कमिटीची मंडळी जेवायला गेली आहेत, आणि त्यांचं जेवण म्हणजे नंतरचं पान, पानानंतरच्या गप्पा – तोवर तुम्ही आणि मी. नाही हो, तुमच्यावर नाही चिडले मी. तुम्हाला श्यामरावजींचा फोन आला – जुन्या आर्किटेक्ट मॅडम ऐकत नाहीत, तुम्ही या आणि भिंत काढून द्या – तुम्ही आलात. मीही आले असते. जुन्या मॅडम! ऐंशीच्या माणसांमध्ये मी एकटी सव्वीसची, आणि जुनी झाले ती मीच. चिडायलाही ताकद लागते, इंजिनीअर साहेब. माझी मागच्या मीटिंगमध्ये संपली.

हा नकाशा पाहिला का? त्यांनी तुम्हाला पाठवला तो नाही, त्यात भिंत आहे. हा माझा. ही आपण बसलो ती सपरी – ओसरी म्हणा – आणि हिच्या मागे खोल्या, बायांच्या इकडून, पुरुषांच्या तिकडून. समोर हे एवढंसं अंगण, त्याला काटेरी तार, आणि तारेपलीकडे कोंढ्याला जाणारा रस्ता, अंगणवाडी, बचतगटाच्या बायांचं टिनाचं शेड. सगळं गाव हाकेवर – आणि आमचे म्हातारे तारेच्या आत, रांगेनं खुर्च्या टाकून, साकोलीच्या स्टँडवर निघून गेलेल्या बसची वाट पाहत बसल्यासारखे. श्यामरावजी या वृद्धाश्रमाचे अध्यक्ष, त्यांनी तारेपलीकडचा आपला तुकडा संस्थेला दिला आणि म्हणाले, अंगण वाढवा. मी म्हटलं, नुसतं वाढवायचं कशाला, गावालाच आत घेऊ. तार काढू, नव्या हद्दीवर गुडघ्याएवढा ओटा – हद्दही तीच, बैठकही तीच. पायरी कुठेच नाही, सगळा उतार. फरशी गुळगुळीत नाही, म्हाताऱ्यांचे पाय घसरतात. तो कडुनिंब बरोबर मधात येतो, त्याच्याभोवती पार. अंगणवाडीचं मागचं दार इकडे उघडायचं, लेकरं इथं खेळतील. बचतगटाच्या बाया लाखोळीच्या डाळीच्या वड्या इथं वाळत घालतील, आज्या राखण करतील – आणि चुका काढतील, त्या फुकटात. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, जत्राच एक, तेव्हा दंडार होते, गाणं-नाच-सोंगं – तिची तालीम गावातली पोरं या पारासमोर करतील. टाळ्या वाजल्या होत्या हो या नकाशाला. श्यामरावजी म्हणाले होते, पोरीनं डोकं लावलं. तेव्हा मी पोरगी होते. भिंतीला नाही म्हटलं आणि मॅडम झाले.

आता कोण कुठे बसेल हे मी ठरवलं नाही. ठरवणारी मी कोण? मी एवढंच केलं – प्रत्येकाला एक वीट दिली, चुन्यानं नाव लिहून. तुकड्यावरची झुडपं साफ केली होती, तार सोडवली होती, म्हटलं, हे सगळं आता तुमचं, ज्याला जिथे बसावंसं वाटतं तिथे त्यानं आपली वीट ठेवून यायची. म्हातारी माणसं काय साधी असतात? एका जागेसाठी दोघं भांडले, एका बाबांनी दुसऱ्याची वीट पायानं सरकवली, एक आजी म्हणाल्या, 'मायं नाव विटीवर नोको लिवू, थे मेल्यावर लिवतेत.' मजा आली त्या दिवशी, खरंच. मी दुपारभर हसत होते. संध्याकाळी पाहते तर सगळ्या विटा कडुनिंबाखाली, नाही तर ओट्याच्या जागेवर गावाकडे तोंड करून. फक्त दोन वेगळ्या. टिकाराम आबाजींची वीट पार त्या फाटकाजवळ – तिकडे, तो टिनाचा तुकडा दिसतो ना, त्याच्याखाली – जिथे झाड नाही, वारा नाही, नालीचा वास. ते बसलेले दिसतात ना, दुपट्टा बांधलेले? तेच टिकाराम आबाजी. आणि शकुंतलाबाई आजींची वीट अंगणात नव्हतीच. त्यांनी ती आपल्या खोलीच्या खिडकीत ठेवली होती, आतून. मला राग आला. इतकं प्रेमानं विचारायचं आणि यांनी असं करायचं! मी ललिताबाईंना म्हटलं – त्या इथं स्वयंपाक, औषधं सगळंच पाहतात – या दोघांना समजलेलं दिसत नाही. ललिताबाई म्हणाल्या, 'त्यायलेच त बरोबर समजलं, मॅडम. थे भासरा-भावसून हायेत.'

हो, एकाच घरचे. दिघोरीचे. शकुंतलाबाईंचे यजमान इश्वर, ते लहान भाऊ, ते वारले, मूलबाळ नाही. आबाजींची बायको त्याच्याही आधी गेली. राहिला आबाजींचा मुलगा विक्की, तो सुरतेला कामाला. त्यानं विचार केला – चांगल्या मनानं केला हं, पोरगा वाईट नाही – दोघं घरचेच आहेत, एकाच ठिकाणी ठेवू, एकमेकांची सोबत होईल. सोबत! घरी होते तेव्हा घराला दोन दारं होती, पुढचं आबाजींचं, मागचं आजींचं. त्या मागच्या वाडीत भाजीपाल्यात दिवस काढायच्या, उन्हात बसायच्या, शेजारणी यायच्या. इथं दार एक आणि अंगण एक. विक्कीनं दोन्ही म्हाताऱ्यांना एकाच गाडीतून आणलं, आबाजी पुढे, आजी मागे – दिघोरीपासून इथवर खिडकीकडे तोंड वळवून, पदर हनुवटीपर्यंत ओढून. उतरल्या तर चक्कर आली. सगळ्यांना वाटलं, म्हातारीला गाडी लागली. विक्कीनं तर लिंबू आणून दिलं.

मग मी गेले त्यांच्याकडे. म्हटलं, आजी, हे कसं? दिवसभर आत? हाडं दुखतात म्हणता, डॉक्टर सांगतात ऊन घ्या, आणि ऊन तर दारात येऊन बसलं आहे. तर त्या काय म्हणाल्या – त्यांच्याच शब्दांत सांगते – 'बाहीर मोठे बसले रायते, बाई. मी निंगली का त्यायले उठा लागते. म्हातारा मानूस घडीघडी उठून कोठी जाईन? त्यायचं थेच एक बसाचं ठिकान हाये.' मी म्हटलं, उठू द्या ना थोडं, त्यांचेच पाय मोकळे होतील. तर माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी त्यांच्या देव्हाऱ्यात चप्पल घालून गेले. म्हणाल्या, 'त्यायले हे सांगू नोको. तुले मायी आन हाये. सांगशील त मी इथं रायनार नाही.' आन म्हणजे शपथ. आणि मग माझा हात धरला – इतका हलका हात आहे हो त्यांचा – आणि म्हणाल्या, 'तू शिकलेली हायेस ना? मधातून एक भिंत टाकून दे. भिंत असली का मी उन्हात बसीन.'

पाहिलं? भिंत त्यांनीच मागितली. कमिटीनं नंतर. मला वाटायचं, पुरुष भिंत मागतात आणि बाया निमूट बसतात – असं असतं तर किती सोपं झालं असतं. मी भांडले असते आणि रात्री शांत झोपले असते.

आता आबाजींचं ऐका. मे महिना होता, मी पहिल्यांदा जागा मोजायला आले होते तेव्हाचं. भंडाऱ्याचा मे तुम्ही अजून पाहिला नाही, पाहाल. दुपारची वेळ, आत सगळ्यांसाठी एकच कूलर, सगळे त्याच्यासमोर आडवे झालेले, आणि हे फाटकाजवळ त्या टिनाखाली – टिन तापून वरून भाजून राहिलं, डोक्यावर ओला दुपट्टा, तोंड लालभडक. मी म्हटलं, आबाजी, मरायचं आहे का? आत चला. नाही. हाताला धरून ओढलं. नाही. मग मी बडबडले. मला वाटलं, असतो ना यांचा हट्ट – पंखा नको, कूलर नको, आम्ही असेच मोठे झालो – मी म्हटलं, तुमच्या या अकडीपायी ललिताबाईंना रात्रभर दवाखान्यात बसावं लागेल, त्याचा विचार करा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'आत आमच्या इश्वराघरची हाये, बाई. मी आत गेलो त तिले उठा लागते. तिचे घुटने दुखतेत. मी बाहीरच बरा.' मला तेव्हा कळलं नाही इश्वराघरची कोण. मला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं, काहीतरी बोलून राहिला. विटांच्या दिवशी कळलं.

तुम्ही मान हलवली, पण समजलं का? ते बाहेर बसतात, कारण ती आत आहे. ती आत बसते, कारण ते बाहेर आहेत. तिला आत मोकळं वाटावं म्हणून हे उन्हात भाजतात, आणि यांची बसायची जागा जाऊ नये म्हणून ती अंधारात हाडं दाबत बसते. दोघंही दुसऱ्याची सोय पाहून राहिले. दोघांनाही वाटतं, आपण एकटेच सोसतो. आणि एकमेकांना सांगणार कसे? सांगायचं तर बोलावं लागेल, आणि बोलायचं तर नाही! मी ललिताबाईंना सांगितलं तर त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाल्या, 'आतालोक मले वाटे का म्हातारी घुम्मी हाये आन म्हातारा अकडू हाये.'

वेळा वाटून द्यायच्या? केलं ते, पहिलंच केलं. सकाळचं अंगण बायांचं, दुपारनंतर पुरुषांचं. आबाजी सकाळी उठून फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहायचे. बसायला काही नाही, काठी टेकवून उभे. येणारे-जाणारे विचारायचे, 'आबाजी, कोनाची वाट पाहून राह्यले?' आणि आजी दारातून पाहायच्या, मोठे रस्त्यावर उभे आहेत माझ्यापायी, आणि परत आत. तिसऱ्या दिवशी बंद केलं. दोघांपैकी एकाला दुसऱ्या आश्रमात हलवायचं? तेही श्यामरावजींनी विचारून पाहिलं – विक्की सुरतेहून फोनवर रडला, म्हणाला, लोक म्हणतील मी म्हाताऱ्यांची पण वाटणी केली.

मग आबाजींनी श्यामरावजींजवळ गोष्ट काढली, त्यांनीही तेच मागितलं. भिंत. श्यामरावजी मला म्हणाले, 'टाकून दे ना मधातून एक भिंत, त्यात काय एवढं? बाया इकडे, पुरुष तिकडे, कटकटच नाही. दोघांनाही पायजे, तुले काहून नाही पायजे?' मी म्हटलं, दोघांसाठी सगळं अंगण कापायचं? बाकीच्यांनी कडुनिंबाखाली विटा ठेवल्या त्यांचं काय? ते म्हणाले, 'पोरी, तू विटा पाहा, संस्कार आमच्याकडे राहू दे.' आणि मी बोलून गेले – संस्कार तुमच्याकडे होते तर हा आश्रम कशाला बांधावा लागला? हो, असं म्हटलं मी. बारा माणसांसमोर. ज्या माणसानं आपली जमीन दिली त्याला. जीभ आहे ना, काय करता. त्या मीटिंगला मला चहासुद्धा आला नाही.

भिंत कुठे येते ते पाहा आता, तुम्ही इंजिनीअर आहात, तुम्हाला मी काय सांगायचं. या खोल्यांना समांतर, अंगणाच्या बरोबर मधातून. पलीकडे पुरुष – म्हणजे कडुनिंब पुरुषांना, ओटा पुरुषांना, अंगणवाडीची लेकरं, वड्या, दंडार सगळं त्यांना. अलीकडे, या सपरीला लागून, बाया. आता हिवाळ्याचा सूर्य कोणीकडून जातो? दक्षिणेकडून. आणि बाया भिंतीच्या कोणत्या अंगाला? उत्तरेला. पुरुषभर उंच भिंत, तिची सावली कोणावर पडणार? ज्या म्हातारीनं उन्हासाठी भिंत मागितली तिच्यावर! हे मी त्यांना सांगितलं, कमिटीला, कागदावर काढून दाखवलं. एक मेंबर म्हणाले, मग भिंत ठेंगणी करा. ठेंगणी केली तर तोंड दिसते. मग म्हणाले, आजीला ठेंगण्या खुर्चीवर बसवा. मी कागद गुंडाळला.

हो, जाळी. मला माहीत होतं तुम्ही जाळी म्हणणार. हुशार माणूस जाळीच म्हणेल. मी काढली ना जाळी. एका रविवारी बसले आणि काढली – भिंत सरकवली, वाकवली, भाजक्या विटांची तिरपी जाळी, ऊन येईल पण नजर येणार नाही, दोन्हीकडून टेकून बसायला कट्टा, वर वेल. फार सुंदर झाली. मी एवढं चांगलं काही अजून काढलेलं नाही, खरंच सांगते. आजींना ऊन मिळत होतं, आबाजींना सावली मिळत होती, एकमेकांचं खाकरणंसुद्धा ऐकू आलं असतं. पाहत बसले मी तिच्याकडे आणि मला भीती वाटायला लागली. इतकी सुंदर भिंत की पुढे कधी कोणाला ती पाडावीशीच वाटणार नाही. लोक येऊन फोटो काढतील. कोणीतरी म्हणेल, पाहा, तरुण मुलीनं परंपरेचा किती विचार केला. आणि उद्या या आश्रमात दुसरी कोणी भावसून येईल, तिला कोणी सांगणारही नाही, भिंतच सांगेल – तू या बाजूला. मी पुसून टाकली. पेन्सिलची होती.

तुम्ही म्हणाल, एवढं काहून मनाला लावून घ्यायचं? लावून घेतलं नाही हो. माझा काय संबंध? म्हणजे – आमच्याही घरी होतंच की हे, एकोडीला. माझे मोठे बाबा, वडिलांचे मोठे भाऊ. फार चांगला माणूस. मला नागपूरला होस्टेलवर सोडायला तेच आले होते, माझी पेटी डोक्यावर घेऊन. त्यांच्याबद्दल एक वाकडा शब्द नाही माझा. बाबा गेले ना – भाताची रोवणी सुरू होती, बांधीतच पडले, म्हणजे खाचरात, अटॅक – आणून अंगणात निजवलं. मोठे बाबा डोक्याशी बसले. भावाचं डोकं मांडीवर घेऊन रडत बसले, लेकरासारखे. आणि आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिला वाटलं, आता उठतील. मग वाटलं, आता. बायांनीही तिला धरून ठेवलेलं, थांब, मोठे बसले हायेत. आणि मोठ्या बाबांना कोण सांगणार? रडणाऱ्या माणसाला कोण म्हणणार, उठा? त्यांना सुचलंच नाही. सुचलं असतं तर तसेच उठले असते, मला खात्री आहे. मग आभाळ भरून आलं, लोकांची घाई सुरू झाली, उचललं. आईला पाय दिसले. एवढेच. पायांना बांधीतला चिखल होता. ती अजून सांगते कधी कधी – चिखल धुतला नाही कोणी. चेहऱ्याचं काही सांगत नाही, कुठून सांगणार? मी म्हटलं होतं तिला, आई, चल ना, मी आहे ना. म्हणाली, 'असं नसते करत.' काहून? 'काहून म्हणून विचारू नोको.'

हे काहून सांगून राहिले मी तुम्हाला? तुम्ही भिंतीचं विचारलं होतं.

पाणी घ्या, मला नको. थकले मी, दुसरं काही नाही. कधी वाटतं, मीच चुकून राहिले. ती म्हातारी आणखी किती हिवाळे पाहणार? तिला भिंत पाहिजे, तिला देऊन टाकायची. ती काही माझी आई नाही. मी माझ्या अंगणातला राग यांच्या अंगणात आणून टाकला का? असेल. बरोबर असण्याचाही कंटाळा येतो माणसाला. आज ठरलं की उद्या पाया खोदायला माणसं येणार, आणि पाया खोदला की मग झालंच. तुम्ही चांगली भिंत काढाल, मला दिसून राहिलं, तुम्ही ऐकून घेणारे आहात.

ही मागची खिडकी? त्यांचीच. शकुंतलाबाईंची. बंद असते नेहमी. आज उघडी – थांबा. आज उघडी काहून आहे? मी किती मोठ्यानं बोलून राहिले? आबाजींचं सांगितलं तेव्हा – मे महिन्याचं – ते मी केवढ्यानं सांगितलं? तिला तर ते माहीतच नव्हतं. अरे देवा.

असू द्या. आले ते, पाहा, पान चघळतच आले. या, श्यामरावजी. झालं जेवण? हो, ओळख झाली आमची, मीच सांगितलं त्यांना सगळं, तुमचा वेळ वाचला. बसा ना सगळे, इथंच बसा, आत कशाला? आबाजी! टिकाराम आबाजी! तुम्हीही या इकडे, फाटकापासून ऐकू नाही यायचं. या, कडुनिंबाखाली बसा, मी आणते खुर्ची. तुमच्याच भिंतीची गोष्ट आहे आणि तुम्हीच तिकडे दूर बसता काय? हां. टेका. बसा.

नाही, श्यामरावजी. नाही काढणार. जमीन तुमची, संस्था तुमची, तुम्ही सगळे माझ्या आजोबांच्या वयाचे, सगळं कबूल. दुसऱ्याकडून काढून घ्यायची तर घ्या, हे बसलेच आहेत. पण माझ्या हातानं या अंगणाच्या मधात भिंत येणार नाही – साधी नाही, ठेंगणी नाही, जाळीची नाही. – संस्कार? आज नाही. थांबा, टोकू नका, मला बोलू द्या आणि मग हाकलून द्या. मी आबाजींशी बोलून राहिले. आबाजी, तुम्ही मेच्या उन्हात बाहेर बसता, आजींना उठावं लागू नये म्हणून, बरोबर? आजी आत काहून बसतात माहीत आहे तुम्हाला? – ललिताबाई, हात सोडा माझा. मला माहीत आहे त्यांनी आन घातली आहे. मोडून राहिले मी. – तुम्हाला उठावं लागू नये म्हणून, आबाजी. त्या बाहेर आल्या की तुम्ही उठाल, म्हातारा माणूस कुठे जाईल, म्हणून. त्यांना घुम्म बसायची हौस नाही. त्यांना ऊन पाहिजे. तुम्ही त्यांच्यासाठी बाहेर, त्या तुमच्यासाठी आत, आणि मधात हे सगळं अंगण रिकामं. तुम्हा दोघांनाही त्रास द्यायचा नाही एकमेकांना, तर मग भिंत कोणापासून घालता? सांगा ना. कोणीतरी सांगा. मला विचारू नको म्हणतात लहानपणापासून, आज मी विचारून राहिले – काहून?

दार वाजलं का?

आजी. हळू. तिथं पायरी आहे – नाही, मी धरत नाही, तुमच्या तुम्ही या. पदर असू द्या, पदर घ्या ना, मी कुठे नको म्हणते? या. – आबाजी, काय करून राहिले? काठी खाली ठेवा. ठेवा म्हणते ना. श्यामरावजी, तुम्ही काहून उठून राहिले, तुमचं तर काही नातंही नाही. बसा. आजी, ती खुर्ची उन्हातच आहे. हां. बसा. – बोला ना आता. इतका वेळ तर सगळे बोलत होते. श्यामरावजी? आबाजी? शिव्या द्या मला, काहीतरी द्या.

बरं. नका बोलू. फक्त उठू नका.